गाडीचं तोंड

टॉवेल आधी भिजव, म्हटलं.
लगेच घासायला धावायचं नाही.
वाळलेला किडा रंगाला धरून बसतो,
ओढायला गेलं की
रंग सुटतो, तो सुटत नाही.

शाल्मली पहाटे तीनला आली कात्रजच्या बोगद्यातून,
कोल्हापूरहून थेट,
तिचं ते चाकांवरचं बिऱ्हाड घेऊन.
आत ओटा, पलंग, पुदिन्याची कुंडी,
आणि बाहेर, समोरच्या पांढऱ्या कपाळावर
अख्खा ऊसपट्टा चिकटलेला.

धनकवडीत आमच्या फाटकावर पाटी आहे:
'येथे वाहने धुऊ नयेत. पाणी फुकट येत नाही.'
म्हणून दोन बादल्या, एक तांब्या,
आणि रविवार. चेअरमन सिंहगडावर असतात.

रॉकेल नको. पोंक्षे गॅलरीतून सांगतात ते ऐकू नको.
तारेची घासणी तर मुळीच नको.
कोमट पाणी, चमचाभर खायचा सोडा,
ओला टॉवेल बंपरवर, काचेखाली, दिव्यांवर
दुखऱ्या पाठीवर शेक द्यावा तसा पसरायचा
आणि चहा ठेवायचा.
दुसऱ्या कपापर्यंत सुटतात.

हा बघ, हुमणीचा भुंगेरा.
ही हिरवी रेघ नाकतोडा होती.
हा पिवळा ठिपका मधमाशीचा, पायाला पराग होते.
हे पाण्याकाठचं. कृष्णेच्या पुलावर थांबली होतीस का?

'बाबा, तुम्हाला यात घाण दिसतच नाही का?'

एकतीस वर्षं कृषी महाविद्यालयात होतो,
कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर.
जाळं घेऊन मी पळायचो, बाटलीत मी घालायचो,
टाचणी मी टोचायचो,
भुंग्याला उजव्या पंखातून, फुलपाखराला छातीतून,
मोडतोड नाही, एकदाही नाही.
खाली चिठ्ठी: गाव, तारीख, संकलक.
संकलकाच्या जागी साहेबांचं नाव.
अक्षर माझं.
पगार वेळेवर व्हायचा, खोटं कशाला बोलू.

दहापर्यंत कपाळ उघडं झालं.
दोन डाग उरले, गोल, फिकट,
देवीच्या व्रणांसारखे.
यांच्या अंगातलं आम्ल रंग खातं,
उन्हात दोन दिवस राहिलं की कायमचं.
हे पुस्तकात नव्हतं. गाडीनं शिकवलं.

मग ती पारदर्शक फिल्म, नाना पेठेतून मापानं कापून आणलेली,
साबणाच्या पाण्यावर सरकवत सरकवत,
बुडबुडे जुन्या एटीएम कार्डानं काठाकडे ढकलत.
त्यावर मेण, फडक्यानं, गोल गोल.
रेडिएटरपुढे बारीक जाळी. ती मीच शिवली.
हाताला आठवत होतं.

जाळी बसवताना फटीत एक चतुर सापडला,
चारही पंख शाबूत, काचेसारखे,
जणू धडकला नव्हता, टेकला होता.
नव्या शर्टाच्या कॉलरमधल्या टाचण्या मी टाकत नाही,
त्यातली एक आणली. थर्माकोलचा तुकडा. वहीचा कोपरा.
'पेठनाका ते उंब्रज,' मी सांगत गेलो,
'रात्री. वेग किती?'
'ऐंशी... नव्वद.'
'नव्वद लिही.'
'आणि संकलक?'
गाडीचा नंबर घाल, म्हटलं.
ती हसली नाही. काहीतरी लांब लिहीत राहिली,
माझ्याहून वाईट अक्षरात.
चष्मा आत राहिला होता. आणायला गेलो नाही.

पुढच्या वेळी साठनं ये, एवढंच म्हणालो,
बाजूला व्हायला त्यांना थोडा वेळ मिळतो.

तेवढ्यात चेअरमन आले, हातात गडावरच्या दह्याचं मडकं.
ओली फरशी पाहिली. पाटी पाहिली.
मग बराच वेळ गाडीचं तोंड.
'आमच्या गाडीचंही असंच झालंय हो,' म्हणाले,
'महाबळेश्वरहून आल्यापासून.'

मी म्हटलं, या की.
टॉवेल तेवढा तुमचा आणा.